अक्कांचा डावा तळहात

पार्वतीअक्का आमच्या दारात पहिल्यांदा आल्या त्या डावा हात पुढे करूनच. बँकेतल्या बदलीमुळे आम्ही नांदेडहून लातूरला आलो होतो. टेंपोतून उतरलेलं कपाट अंगणात आडवं पडलं होतं आणि ते दारातून आत कसं जाणार यावरून माझं आणि हमालांचं जोरात चाललं होतं. तेवढ्यात शेजारच्या फाटकातून एक ठेंगण्या, काटक बाई आल्या. इरकली साडी, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात दोऱ्याला अडकवलेली चांदीची डबी. पसरलेल्या डाव्या तळहातावर अबोलीचं एक रोप, मुळाशी ओल्या मातीचा गोळा.

"घ्या. आदी झाड आत जाऊ द्या, कपाट काय पळून जात न्हाई," त्या म्हणाल्या.

माझी बायको सुनीता देण्याघेण्याच्या बाबतीत फार कडक. आमच्याकडे डाव्या हातानं कुणी चहाचा कपसुद्धा देत नाही. तिनं पुढे केलेला हात मागे घेतला. अक्कांच्या ते लगेच लक्षात आलं, पण राग नाही आला. उलट हसल्या.

"बाई, ह्या हातावर रोज सकाळी म्हादेव बसतो. उजवा काय, माती बी उकरतो अन् खरकटी भांडी बी घासतो. मग सांगा, पाक हात कंचा?"

सुनीतानं रोप घेतलं, पण उजव्या हातानं. मला मात्र ती बाई तिथंच आवडली. कपाट शेवटी दार काढूनच आत घ्यावं लागलं.

लिंगायत घरातला हा रिवाज मला पुढे नीट कळला. गळ्यातल्या त्या डबीत प्रत्येकाचं आपलं स्वतःचं इष्टलिंग, म्हणजे छोटं शिवलिंग असतं. सकाळी ते काढून डाव्या तळहातावर ठेवायचं आणि उजव्या हातानं विभूती, पाणी, बेल, फूल वाहायचं. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. डाव्या हातानं झाड देण्याचा नेम मात्र अक्कांचा स्वतःचा. अप्पा, म्हणजे त्यांचे यजमान, अडतीवरून निवृत्त झालेले मुनीम. ते म्हणायचे, "आमच्या साऱ्या खानदानात असं कुणी करत न्हाई. हिचा धरमच येगळा हाय." अक्का त्यावर म्हणायच्या, "तुमी तुमची डबी वर्सातून एकदा उघडता. तुमी नका सांगू धरम."

लातुरात बाग करायची म्हणजे टक्कल पडलेल्या माणसानं कंगवा जपण्यासारखं आहे. नळ आला तर आठवड्यातून एकदा, तोही कधी येईल याचा नेम नाही. पण अक्कांचं अंगण हिरवंगार. तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, मोडकं उखळ, बुडाला गळकी झालेली घमेली, सगळ्यांत काही ना काही उगवलेलं. तगर, पांढरी कण्हेर, गोकर्ण, निळ्या पिंपात कोंबलेला बेल, आणि कोपऱ्यात जमिनीतलं एकच मोठं झाड, डाळिंबाचं. त्या घरात पाण्याला एका जन्मात मोक्ष नव्हता. तांदूळ धुतलेलं पाणी, मग भाजी धुतलेलं, आंघोळीचं, सगळ्याला पुढचा जन्म झाडाच्या बुडाशी. अप्पांनी आंघोळीला साबण जास्त लावला तरी बाहेरून आवाज यायचा, "फेस कमी करा, तगर पिवळी पडायली!"

फुलं मात्र विकायची नाहीत, दारावर वाटायची नाहीत. सकाळची सगळी फुलं लिंगाला. "बाग माझ्यासाठी न्हाई. त्याला रोज ताजं लागतं, म्हून राबायलेय मी," असं त्या गळ्यातल्या डबीवर बोट ठेवून सांगायच्या, घरातल्या हट्टी म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं.

पहिल्या वर्षीच त्यांनी माझ्यासाठी डाळिंबाची गुटी बांधली. झाडावरच्या फांदीची साल अंगठीएवढी सोलायची, तिथं ओलं शेवाळ आणि माती थापायची आणि वर प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. फांदी झाडावरच राहते आणि बांधलेल्या जागी मुळं धरते. मग ती कापून लावायची. डाव्या हातात फांदी धरून उजव्यानं सुतळी गुंडाळत त्या म्हणाल्या, "आता हिकडं बघायचं न्हाई. डाव्या हातानं धरायचं, उजव्यानं करायचं अन् दोनी हातांनी गप बसायचं."

माझा स्वभाव गप बसण्याचा नाही. दूध तापायला ठेवलं तरी मी तीनदा झाकण उघडतो. एका रविवारी त्या देवळात गेल्या असताना मी कुंपणावरून वाकून सुतळी सोडली. आत केसांसारखी पांढरी मुळं नुकती फुटत होती. पुन्हा बांधायला गेलो तर निम्मी माती खाली. अक्का परत आल्या आणि लांबूनच ओळखलं.

"उघडलात ना? मूल पाळण्यात झोपलंय का बघायला त्याला उठवायचं असतं का हो, भाऊ?" बडबड करत त्यांनी गुटी पुन्हा बांधली. अप्पा ओट्यावर पान लावत बसले होते. ते मजेनं म्हणाले, "बँकेची माणसं. त्येंना रोज शिल्लक बघावी लागती."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, आषाढ संपता संपता, अक्का पडल्या. आंघोळीच्या पाण्याची बादली घेऊन न्हाणीतून बाहेर येताना ओल्या शहाबादी फरशीवरून पाय सटकला. आवाज ऐकून आम्ही धावलो. अक्का फरशीवर बसलेल्या, डावं मनगट काट्या-चमच्यातल्या काट्यासारखं वाकलेलं, आणि शेजारी बादली सरळ उभी. पडताना बादली सोडायची नाही म्हणून उजवा हात त्यांनी कडीवर ठेवला होता आणि सगळा भार डाव्यावर घेतला होता. चेहरा पांढराफटक, पण पहिलं वाक्य असं, "पाणी न्हाई सांडू दिलं. ते बेलाला घाला."

अप्पांनी खरंच आधी बेलाला पाणी घातलं आणि मग रिक्षा आणली. मी चिडलो, तर म्हणाले, "न्हाई घातलं तर ती रिक्षात बसत न्हाई, भाऊ. मला ठाव हाय."

हाड बसवून कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं. अक्कांनी दुखण्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांना काळजी एकच. श्रावण तोंडावर आला होता आणि प्लॅस्टरमधला हात पालथा होता. तळहात वर होत नव्हता आणि बोटांपर्यंत सगळं झाकलेलं. ओळखीच्या एका स्वामींनी समजावलं, आजारपणात लिंग समोर पाटावर ठेवून पूजा केली तरी पोचते. अक्कांनी तसं केलं, पण मन लागेना. सुनीताला म्हणाल्या, "पाटावर बसवला की पाव्हणा वाटतो बघा. हातावर बसला की घरचा."

आणि मग त्यांनी तो पराक्रम केला. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी अप्पा दूध आणायला गेले असताना अक्कांनी झाडं छाटायची कात्री घेतली आणि प्लॅस्टर कापून काढलं. ज्या कात्रीनं कण्हेर छाटायच्या त्याच कात्रीनं. अप्पा परत आले तर पांढरा भुगा सगळ्या ओट्यावर, आणि अक्का हात धरून रडत बसलेल्या. कुंपणावरून मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. हात मोकळा झाला होता, पण तळवा उताणा होत नव्हता. थोडा वळायचा आणि दारात काहीतरी अडकल्यासारखा थांबायचा.

"कामून उघडलीस?" अप्पा दारातूनच ओरडले. "दुनियेला गुटी शिकवायली अन् आपली गुटी उघडून बसली! मुळं धरली व्हती का आत?"

दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. आम्हाला कुणालाच आलं नाही. हाड थोडं सरकलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा बसवलं, पुन्हा प्लॅस्टर घातलं, आणि अप्पांनी घरातल्या सगळ्या कात्र्या आमच्याकडे आणून ठेवल्या. प्लॅस्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, हात कामाला येईल, भांडं धरता येईल, वजन उचलता येईल. पण तळवा पूर्ण उताणा होईलच असं सांगता येत नाही. त्यांच्या हिशोबानं ही चांगली बातमी होती. अक्कांच्या हिशोबानं सगळं गेलं होतं.

बागेची जबाबदारी त्या काळात अप्पांवर आली. अक्का ओट्यावर बसून हुकूम सोडायच्या आणि अप्पा बरोबर उलट करायचे. तण म्हणून त्यांनी गोकर्णाची रोपं उपटली. शेण टाकायचं तिथं राख टाकली. पण माझी डाळिंबाची गुटी अप्पांनीच कापली, पिशवीत लावली, आणि सावलीला ठेवली. आत मुळं चांगली जाळी धरून बसली होती. अप्पांना एवढा आनंद झाला की ते पिशवी घेऊन अख्ख्या गल्लीत दाखवत फिरले. मी ती घरी न्यायला गेलो तर अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हितंच. तुमच्या अंगणात तुमी रोज उपटून मुळं बघताल."

व्यायाम शिकवायला एक तरुण मॅडम होत्या, उदगीरच्या. त्यांनी अक्कांना सांगितलं, कोपर बरगडीला टेकवा, मुठीत हातोडीसारखं काहीतरी जड धरा आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवा. अक्कांनी विचारलं, "खुरपं चालंल का?" मॅडम म्हणाल्या, पळेल. तेव्हापासून रोज सकाळी अक्का तगरीजवळ बसून रिकाम्या हवेत खुरपं फिरवताना दिसायच्या. रबरी चेंडू दाबायला दिला होता, तो त्यांनी नातवाला पाठवून दिला आणि त्याऐवजी मातीचे गोळे दाबायला लागल्या. "दाबायचंच हाय तर कुंडी भरंल असं काही तरी दाबावं."

हात किती वळतोय ते बघायची त्यांची रीत म्हणजे सुपारी. व्यायाम झाला की डाव्या तळहातावर अख्खी सुपारी ठेवायची. ती घरंगळून खाली. पुन्हा ठेवायची, पुन्हा खाली. अप्पा कुंड्यांमागं वाकून सुपाऱ्या शोधायचे आणि कुरकुरायचे, "माझ्या डब्यातल्या समद्या सुपाऱ्या मातीत गेल्या. पान खाऊ का कात चाटू?" मी बँकेत जाताना फाटकातून हाक मारायचो, "राहिली का?" अक्का मान हलवायच्या. काही दिवसांनी मी विचारायचं बंद केलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

थंडी सुरू झाली तेव्हा हात जिथं होता तिथंच होता. एक दिवस सुनीता आमच्या घरचं भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी त्यांच्या झाडांना द्यायला गेली, कारण अक्कांना बादली उचलू द्यायची नाही असं आम्ही ठरवलं होतं. ती भरल्या बादलीसकट परत आली. डोळ्यांत पाणी.

"अक्का म्हणतात पाणी नको. कुंड्या घेऊन जा म्हणतात. सगळ्या."

मी गेलो. अक्का पाठ फिरवून बसल्या होत्या. खुरपं भिंतीशी टाकलेलं. झाडावर कालची फुलं तशीच सुकलेली, एकही तोडलेलं नाही.

"कुणासाठी तोडू?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "ज्याच्यासाठी केलं त्याला बसवायला जागाच न्हाई. घिऊन जा, भाऊ. तुमच्याकडं जगतील."

आतून अप्पा आले. आंघोळ केलेली, अंगावर धूतवस्त्र, कपाळाला विभूती. मी त्यांना अशा रूपात कधी पाहिलं नव्हतं. ते अक्कांच्या शेजारी मांडी घालून बसले.

"काढ लिंग."

"ऱ्हात न्हाई ते. पडंल."

"काढ म्हनलं ना."

अक्कांनी डबी उघडली. डावा हात पुढे केला, तो नेहमीसारखा तिरका. अप्पांनी आपला तळहात त्यांच्या हाताखाली घातला. लिंगाला बोट लावलं नाही. फक्त खालून अक्कांचा हात हळूहळू वर वळवला, जिथवर वळत होता तिथवर, आणि उरलेला उतार स्वतःच्या बोटांनी भरून काढला.

"वाकडं झाड आलं तर उपटतीस का?" ते म्हणाले. "काठी लावतीस. मी काठी हाय असं समज."

अक्कांनी लिंग तळहातावर ठेवलं. ते राहिलं. त्यांनी उजव्या हातानं विभूती लावली, पाणी घातलं. मग एकदम माझ्याकडे वळून खेकसल्या, "बघत काय हुबे ऱ्हायलाव? चार फुलं आणा की ताजी!" मी धावत जाऊन तगरीची फुलं तोडली. आणताना माझेच डोळे भरून आले होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग तोच नेम झाला. जे अप्पा वर्षातून एकदा डबी उघडायचे, ते रोज भल्या सकाळी आंघोळ करून बसू लागले. आधी अक्कांच्या हाताला काठी, मग स्वतःची पूजा, कारण बसलोच आहोत तर म्हणून. भांडणंही तिथंच व्हायची. "हात हलवू नका." "मी न्हाई, तू हलायलीस." "फेस कमी केला का आज?" पूजा चालू, भांडण चालू. मला वाटतं महादेवालाही ते ऐकायची सवय झाली असावी, त्याच्या घरीही काही वेगळं नसणार.

खुरपं पुन्हा फिरू लागलं. महाशिवरात्रीला अप्पांनी सांगितलं की आता तीन बोटांनी भागतंय, पूर्ण हात लावावा लागत नाही. होळीनंतर कधीतरी दोन बोटं. मॅडमनी पट्टी लावून कोन मोजला आणि म्हणाल्या, अजून थोडा कमी आहे, पण माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त वळलाय. अक्का म्हणाल्या, "तुमच्या पट्टीवर म्हादेव बसत न्हाई, बाई. सुपारीला इचारा." सुपारी तोवर काठापर्यंत जाऊन थांबायला लागली होती.

उन्हाळ्यात माझी परत नांदेडला बदली झाली. पुन्हा टेंपो, पुन्हा हमाल, पुन्हा ते कपाट. यावेळी मी न भांडता आधीच दार काढून ठेवलं होतं. सामान चढत असताना शेजारचं फाटक वाजलं. अक्का आल्या. मागं अप्पा. अक्कांच्या डाव्या तळहातावर डाळिंबाच्या रोपाची पिशवी, मी उघडलेल्या, अक्कांनी पुन्हा बांधलेल्या, अप्पांनी कापलेल्या त्याच गुटीची. गुडघ्याएवढं वाढलेलं, टोकाला तांबडी कोवळी पानं.

पिशवी चांगली वजनदार होती. चालता चालता अप्पांचा हात सवयीनं अक्कांच्या हाताखाली गेला.

"काढा," अक्का म्हणाल्या.

"अगं, पडंल."

"काढा म्हनलं ना. मी धरते."

अप्पांनी हात काढून घेतला. पण पूर्ण नाही, वीतभर खाली तसाच धरून ठेवला. अक्का जरा डावीकडे झुकल्या. तळहाताला जेवढा उतार उरला होता तेवढा त्यांनी खांद्यातून भरून काढला. झाड हललं, पानं थरथरली, आणि स्थिर झालं. माती सांडली नाही.

"आदी झाड चढू द्या," त्या हमालांना म्हणाल्या, आणि सुनीताकडे वळल्या.

सुनीता पुढे झाली. मी तिच्याकडे बघत होतो. तिनं पदर खोचला, उजवा हात मागे घेतला आणि डावा तळहात उताणा करून पुढे धरला. अक्कांनी झाड तिच्या हातावर ठेवलं.

"येते म्हणा, जाते म्हणू नगा," एवढंच त्या बोलल्या. मग माझ्याकडे बोट करून, "अन् ह्येंना मुळं बघू देऊ नगा."

नांदेडच्या घरी डाळिंबानं यंदा पहिली फळं धरली. अक्कांना फोन केला तर त्यांनी माझी चौकशी नंतर केली, आधी विचारलं पाणी कुठलं घालता. मागून अप्पांचा आवाज येत होता, पूजेची वेळ झाली म्हणून. आता काठीची गरज नाही, पण अप्पा बसतातच. अक्का म्हणाल्या, "काठी काढली तरी ती हलायला तयार न्हाई. तिलाच मुळं फुटल्यात."

पावसाळ्यात सुनीतानं त्या डाळिंबावर गुटी बांधली. मला तिकडे फिरकू दिलं नाही. मुळं धरल्यावर कापली, पिशवीत लावली, आणि समोर नव्यानं राहायला आलेल्या बाईंकडे गेली. मी खिडकीतून बघत होतो. सुनीतानं डाव्या तळहातावर झाड धरून पुढे केलं. त्या बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. सुनीता हसली आणि अक्कांची गोष्ट सांगायला तिथंच उंबऱ्यावर बसली.